संघांतील अकरावी जागा

शाळेच्या क्रिकेट-संघाची यादी फलकावर लागली म्हणजे तिच्यापुढें मुलांची गर्दी होते. कांहीं मुलें आपलें नांव वाचून धांवत सुटतात. कांहीं तीच यादी पुन्हां पुन्हां वाचीत उभीं राहतात. पहिलीं सात-आठ नांवें साऱ्या शाळेस आधींच ठाऊक असतात. वाद उत्पन्न होतो तो अखेरच्या दोन-तीन जागांविषयीं. तेथें गुणांचें अंतर थोडें असतें, आणि म्हणूनच मर्जी, नातें व ओळख यांस शिरावयास तेथें वाट सांपडते.

मात्र खेळावयास न मिळणें म्हणजे प्रत्येक वेळीं अन्यायच, असें नव्हे. १९८८ सालीं मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेंत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी रचली. त्याच संघांतील अमोल मुजुमदार पायांस पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते; ती पाळी आलीच नाहीं. यांत कोणाचा पक्षपात नव्हता. मुजुमदारांनीं सराव सोडला नाहीं. १९९३-९४ च्या मोसमांत रणजी स्पर्धेंतील पहिल्याच सामन्यांत त्यांनीं २६० धावा काढल्या. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधीं आला नाहीं. तथापि २०२५ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला-संघाचे ते प्रशिक्षक होते.

परंतु जेथें पक्षपात खरोखरच असतो, तेथें नुसत्या धीरानें भागतें काय? पालवणकर बाळू यांचें चरित्र या प्रश्नाचें उत्तर देतें. पुण्याच्या युरोपियन क्लबांत मैदानाची निगा राखणारा हा चर्मकार समाजांतील तरुण सरावाच्या वेळीं साहेबांस तासन् तास गोलंदाजी करी. बॅट मात्र त्याच्या हातीं कोणी देत नसे. पुढें हिंदु संघाच्या विजयांत बाळूंचा वांटा मोठा राहिला. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. तरीही संघाचें नायकपद त्यांस दिलें गेलें नाहीं. जात आडवी आली. अखेर १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं हा अन्याय उघडपणें बोलून दाखविला आणि संघांतून अंग काढून घेतलें. १९२३ सालीं विठ्ठल नायक झाले, व चौरंगी सामन्यांत हिंदु संघ विजयी झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गुणानें अन्याय उघडा पडतो. तो दूर व्हावयास मात्र कोणीतरी तोंड उघडावें लागतें.

वगळल्या गेलेल्या मुलानें प्रथम आपल्या शिक्षकांस एकांतांत, नम्रपणें विचारावें, "गुरुजी, माझ्यांत काय उणें आहे?" उत्तर मिळालें तर तेवढ्यावर महिनाभर मेहनत घ्यावी. क्षेत्ररक्षण हें तर असें अंग आहे कीं, तें सुधारावयास कोणाच्या मर्जीची गरज लागत नाहीं. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास वडील माणसानें मुख्याध्यापकांकडे जावें. सीमारेषेवर उभें राहून मुलादेखत शिक्षकांशीं हुज्जत घालूं नये, कारण त्या हुज्जतीची लाज मुलास सोसावी लागते. आणि ज्याची निवड झाली आहे अशा मित्रानेंही, दुसऱ्याचा हक्क डावलला गेला असें दिसत असतां, गप्प बसूं नये.

खरी जबाबदारी मात्र निवड करणाराची. कसोटी कोणती, हें त्यानें सरावापूर्वींच सांगावें. प्रत्येक उमेदवारास सारखीच षटकें टाकावयास व सारखाच वेळ फलंदाजी करावयास द्यावी, आणि त्याची नोंद सर्वांस पाहतां येईल अशी ठेवावी. स्वतःचा मुलगा किंवा पुतण्या उमेदवार असेल, तर निवडीचें काम दुसऱ्या शिक्षकांकडे सोंपवावें. मैत्रीच्या सामन्यांत राखीव मुलांस आवर्जून उतरवावें. मैदानावर उतरल्यावांचून त्यांची परीक्षा व्हावी कशी?

पराभव मुलें लवकर विसरतात. पक्षपात मात्र त्यांच्या मनांत घर करून राहतो, आणि कित्येक मुलें त्यापायीं मैदानाकडे कायमची पाठ फिरवितात. अकरावी जागा एकाच मुलास मिळावयाची, हें खरें. परंतु ती न्यायानें दिली गेली असेल, तर बारावा मुलगा दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां सरावास येतो.