एक ‘विथ’ आणि मराठीतले ‘शी’, ‘बरोबर’, ‘ने’

इंग्रजीतले ‘विथ’ हे अव्यय मुळात ‘विरुद्ध’ या अर्थाचे. सोबतीसाठी जुन्या इंग्रजीत ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. तो मागे पडला आणि त्याचेही काम ‘विथ’कडे आले. टिकाव धरणे या अर्थाच्या ‘विथस्टँड’मध्ये जुना विरोध अजून शिल्लक आहे. लढाईच्या वाक्यात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्याच्या बाजूने लढायचे आणि ज्याच्यावर चालून जायचे, दोघांनाही ‘विथ’च.

ग्वाल्हेरचा इतिहास मराठीत लिहिताना हा भेद जपावाच लागतो. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई तात्या टोप्यांबरोबर ग्वाल्हेरात आल्या आणि इंग्रजांशी लढताना इथेच धारातीर्थी पडल्या. या वाक्यात ‘इंग्रजांबरोबर’ लिहिले, तर राणी इंग्रजांच्याच फळीत जाऊन उभ्या राहतात!

‘शी’ हा तृतीयेचा प्रत्यय. त्याला समोर दुसरा पक्ष लागतो: मुलाशी बोलणे, शेजाऱ्याशी भांडणे, इंदूरच्या मुलीशी लग्न. ‘बरोबर’ दोघांना एका दिशेला नेते, जसे आईबरोबर ग्वाल्हेरच्या बाडा चौकात जाणे. साधन किंवा रीत सांगायची तर ‘ने’: विळीने भाजी चिरणे, आनंदाने होकार देणे. कधी ‘विथ’चे काम ‘सकट’ करते: बटाटे उकडायचे ते सालीसकट. ‘घाऱ्या डोळ्यांची मुलगी’ म्हणताना मात्र षष्ठीवरच भागते. इंग्रजीला तिथेही ‘विथ’ हवे असते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी सांभाळावी लागते. लढाईच्या बाबतीत हिंदीही ‘से’ आणि ‘के साथ’ वेगळे ठेवते, पण तिचे ‘साथ’ मराठीच्या ‘सोबत’हून लांब पोचते. ‘मेरे साथ ऐसा हुआ’ची छाया पडून ‘माझ्यासोबत असं झालं’ हे वाक्य तयार होते. मराठीचे वळण ‘माझ्या बाबतीत असं झालं’ असे आहे. पुण्या-मुंबईतही हे ‘सोबत’ आता सर्रास ऐकू येते, तेव्हा त्याचा दोष एकट्या लष्कराच्या माथी मारणे अन्यायाचे. तोटा मात्र खरा आहे. ‘मी त्याच्यासोबत भांडलो’ या वाक्यात तो प्रतिपक्ष होता की पाठीराखा, हे कळत नाही. ‘त्याच्याशी भांडलो’ म्हटले की शंकेला जागा उरत नाही.