गणवेशाआधीचे दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. जन्मभर मला हुकूम ऐकण्याची सवय, भाषण करण्याची नव्हे. पण त्या म्हणाल्या, "पोलिसात गेलेल्या मुलीला आधी काय शिकवतात, तेवढेच सांगा." हा प्रश्न येथल्या काही आयांच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या राज्यात पोलीस अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास निघाली आणि १९०९ साली नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. फौजदार तेथे तयार होतात. आम्हां शिपायांच्या शाळा वेगळ्या. अशाच एका शाळेत मी १९९१ साली पत्र्याची ट्रंक घेऊन दाखल झाले.

पहाटे शिटी वाजे. अंथरुणाची घडी, हजेरी, पी. टी., मग कवायत. हुकूम सगळे हिंदीत. "दाहिने मूड" म्हटले की मी हमखास डावीकडे वळे! एकीची चूक झाली की शिक्षा साऱ्या तुकडीला. माझ्यापायी बाकीच्या जणी मैदानाला फेऱ्या घालीत. तिसऱ्या आठवड्यात टाचांना फोड आले आणि मी वडिलांना पत्र लिहिले, "मला न्यायला या."

शेजारच्या खाटेवरची मुलगी ऊसतोडीवाल्यांच्या घरची होती. तिने विचारले, "पाय दुखतात म्हणून जातेस, का लाज वाटते म्हणून?" मला उत्तर देता येईना. तिने माझ्या उजव्या मनगटाला सुतळीचा तुकडा बांधला आणि रोज संध्याकाळी व्हरांड्यात माझ्याकडून कवायत करून घेतली. ते पत्र ट्रंकेच्या तळाशी तसेच राहिले.

कवायतीने चोर सापडतो का, असे लोक हसून विचारतात. सापडत नाही. पण जत्रेत गर्दी रेटू लागली, कोणी तोंडावर शिव्या देऊ लागला, की जागा न सोडता आणि हात न उचलता उभे राहावे लागते. ते बळ त्या मैदानावर येते.

परंतु खरी परीक्षा वर्गात होती. एक दिवस एका मुलीला फिर्यादी बाई केले आणि मला फिर्याद लिहायला बसवले. ती म्हणाली, "नवऱ्याने लाटण्याने मारले, रात्रभर दाराबाहेर ठेवले." मी ऐटीत लिहिले, "घरगुती किरकोळ वाद." मास्तरांनी ते सर्वांना वाचून दाखवले आणि विचारले, "हे तिचे शब्द की तुझे?" मी खाली मान घातली.

एवढे शिकूनही मी चुकले, हे आज आपल्यापुढे कबूल करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीच्या अखेरीस एक बाई आली. मी दमले होते. "सकाळी या," म्हणाले. ती पुन्हा आली नाही. तिचे काय झाले ते मला आजतागायत कळले नाही. त्यानंतर दारात आलेल्या एकाही बाईला मी ऐकून घेतल्याशिवाय परत पाठवले नाही.

आम्ही पाठ केलेली १८६० ची दंड संहिता आता गेली. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. त्यांतल्या तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. आणि बाईला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी एरवी अटक करता येत नाही. अपवाद असलाच, तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते.

आता एक मागणे. आपल्या आळीतल्या तीन मुली भरतीची तयारी करीत आहेत. आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा फेकणे, हे त्यांना करून दाखवायचे आहे. पहाटे त्या रस्त्यावर धावतात, तेव्हा नाक्यावरून शेरे येतात. एकीच्या आईने तर परवापासून तिला घरीच बसवले. त्या माउलीला मी दोष देत नाही. काळजी कोणाला सुटली आहे? पण आपल्या मंडळात एवढ्या जणी आहेत. रोज दोघी-दोघींनी पाळीने बॅटरी घेऊन नाक्यावर उभे राहावे. आपले फिरणेही होईल. पहिली पाळी माझी. दुसरीसाठी त्या मुलीच्या आईनेच माझ्याबरोबर यावे, अशी माझी विनंती आहे.

माझ्या मनगटाला कोणीतरी सुतळी बांधली, म्हणून मी टिकले.