वाहता कान आणि कानातील तीन अस्थी

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, उद्योगधंदे, विवाहातील खर्च अशा विषयांवर आजवर पुष्कळ विचारमंथन झाले आहे. त्या मालिकेत आम्ही कानाच्या विकारासारखा विषय घेऊन उभे राहावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्या विकाराने माणूस अंथरुणाला खिळत नाही, ज्यात बहुधा ताप येत नाही, वेदना होत नाही, आणि तरीही जो माणसाचे ऐकणे, शिकणे व क्वचित् प्रसंगी प्राणही हिरावून नेतो, त्याची ओळख घराघरांतून करून देणे हे ज्ञातिसंस्थेचे काम नव्हे, असे कोण म्हणेल? आपण ज्याला ‘कान फुटणे’ किंवा ‘कान वाहणे’ म्हणतो, तोच हा विकार.

हा विकार काही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ विकार सांगितले असून त्यांत कर्णस्राव, पूतिकर्ण आणि बाधिर्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगभर या विकाराने पीडित असलेल्यांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी यांच्या दरम्यान सांगितली आहे.

प्रथम आपण कानाची रचना थोडक्यात पाहू. बाहेरून दिसणारी कानाची नळी जेथे संपते तेथे एक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीत तीन चिमुकल्या अस्थी एकमेकींना सांधून उभ्या आहेत. त्यांच्या आकारांवरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे मिळाली आहेत. हातोडीचा दांडा पडद्यात रुतलेला असतो. ऐरणीचा एक लांब पाय खाली उतरून रिकिबीच्या माथ्याला टेकतो. आणि रिकिबीचा तळ अंतःकर्णाच्या खिडकीत बसतो. रिकीब ही मानवी शरीरातील सर्वांत लहान अस्थी होय. तिची उंची सुमारे ३ मिलिमीटर असते. म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही ती लहान. नवलाची गोष्ट अशी की, या तिन्ही अस्थी जन्मतःच पूर्ण आकाराच्या असतात. बालकाचे बाकीचे सर्व हाडपेर वाढते, या तीन मात्र वाढत नाहीत.

एवढ्याशा अस्थींचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. तळ्यात बुडी मारलेल्या मुलाला काठावरून मारलेली हाक ऐकू येत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. हवेतील ध्वनी पाण्यावर आदळला की त्यातील हजारात एखादाच अंश आत शिरतो, बाकीचा परत फिरतो. आपले अंतःकर्णही द्रवाने भरलेले आहे. मध्ये काही योजना नसती, तर जगातील बोलणे आपल्याला त्या बुडी मारलेल्या मुलासारखेच ऐकू आले असते. ती योजना म्हणजे हा पडदा आणि या तीन अस्थी. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीच्या तळाचे सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. म्हणजे मोठ्या पृष्ठावरचा जोर सतरापट लहान पृष्ठावर एकवटतो. त्यात हातोडी व ऐरण यांच्या तरफेची भर पडून एकूण दाब सुमारे २२ पटींनी वाढतो. निसर्गाने एवढ्याशा जागेत साधलेले हे यंत्र पाहून मन थक्क होते.

आता या यंत्राचा नाश कसा होतो ते पाहू. मध्यकर्णातून एक नळी घशाच्या वरच्या भागात, नाकाच्या मागे उघडते. लहान मुलांत ती आखूड, रुंद आणि आडवी असते, म्हणून सर्दीपडशाचा संसर्ग तिच्या वाटेने चटकन् कानात पोहोचतो. कान ठणकतो, पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि वेदना थांबते. बहुतेक वेळा असा पडदा पुढे आपोआप भरून येतो. परंतु वारंवार असे झाले, किंवा उपचारात हयगय झाली, म्हणजे भोक कायम राहते आणि कान महिनोन्‌महिने वाहू लागतो. वेदना तर थांबलेलीच असते, म्हणून घरातले लोकही निश्चिंत होतात. खरी हानी सुरू होते ती याच काळात.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पू हाडाला कुजवितो. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. आपल्या शरीरात जुने हाड काढणाऱ्या आणि नवे घडविणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. दाह दीर्घकाळ टिकला म्हणजे त्यातून निर्माण होणारी द्रव्ये हाड काढणाऱ्या पेशींना चेतवितात आणि हा समतोल बिघडतो. त्यातच सुजलेल्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात. सर्वांत आधी बळी पडते ती ऐरण. तिच्यातही तिच्या लांब पायाचे ते टोक, जे रिकिबीला टेकलेले असते. ते टोक अतिशय बारीक आणि त्याला होणारा रक्तपुरवठा तुटपुंजा. ते झिजले की साखळी तुटते. पुढे रिकिबीची कमान आणि हातोडीचा दांडा यांवर आघात होतो. मोडलेला हात प्लास्टरमध्ये सांधतो, पण ऐरणीचे झिजलेले टोक पुन्हा उगवत नाही.

वाहत्या कानाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात भोक पडद्याच्या मध्यभागी असते, सर्दी झाली की चिकट, पुष्कळ, बहुधा वास नसलेला स्राव येतो आणि मधूनमधून कान कोरडाही राहतो. हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा. तरी यातही अस्थी झिजू शकतात. दुसरा प्रकार घातकी. त्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जाऊन तेथे एक खिसा तयार होतो. पडद्यावरील त्वचेचा कोंडा त्या खिशात साठत जातो आणि मोत्यासारखा पांढरा गोळा बनतो. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली त्याला ‘कोलेस्टिॲटोमा’ हे नाव दिले. नावावरून वाटते तशी ती चरबीची गाठ नव्हे आणि कर्करोगही नव्हे. ती भलत्या जागी वाढलेली त्वचाच होय. परंतु ती वाटेतील हाड खात पुढे सरकते. यात स्राव थोडा असतो, पण त्याला घाण वास येतो आणि क्वचित् रक्तही दिसते. स्राव थोडा म्हणून विकार थोडा, असे मानणाऱ्याची येथे मोठी फसगत होते. अर्थात् केवळ वासावरून प्रकार ठरविता येत नाही. त्याला दुर्बिणीतून तपासणीच हवी.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. कधी कधी हा गोळाच तुटलेल्या साखळीच्या मध्ये बसून ध्वनी पलीकडे पोहोचवितो, आणि रोग्याला बरे ऐकू येत राहते. म्हणून ‘ऐकू तर येते’ हा कान निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. मध्यकर्णाच्या शेजारी चेहऱ्याची नस आहे, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, आणि पातळ हाडाच्या छतापलीकडे मेंदू आहे. हाड झिजत गेले की तोंड वाकडे होते, भोवळ येते, मेंदूच्या आवरणाचा दाह होतो किंवा मेंदूत गळू होते. वाहत्या कानाच्या रोग्यास ताप, तीव्र डोकेदुखी, ओकारी, भोवळ, तोंड वाकडे होणे किंवा कानामागे सूज यांपैकी काहीही दिसले, तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

उपायांकडे वळण्यापूर्वी जे करू नये ते सांगितले पाहिजे. लसूण घालून कढविलेले तेल, पानांचे रस, दुकानातून परस्पर आणलेले थेंब यांपैकी काहीही फुटक्या कानात घालू नये. काही थेंब तर भोकातून आत जाऊन अंतःकर्णास अपाय करू शकतात. कानकोरणे, हेअरपिन, काडी यांना कानाच्या वाटेला जाऊ देऊ नये. स्नानाच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा. वाहता कान असलेल्याने विहिरीत, नदीत पोहू नये. तान्ह्या मुलास आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये आणि घरात धूम्रपान करू नये, कारण या दोहोंमुळे बालकांच्या कानाचे विकार वाढतात.

उपचारांच्या बाबतीत मात्र आपला काळ भाग्याचा आहे. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सोलनर या शस्त्रवैद्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने पडदा व अस्थींची साखळी पुन्हा उभारण्याची पद्धत रूढ केली. आज रोग्याच्याच स्नायूवरील पातळ आवरणाने भोक बुजवितात. झिजलेली ऐरण काढून, तीच घासून, आकार देऊन पुन्हा बसवितात, किंवा टायटेनियमची कृत्रिम अस्थी वापरतात. कोलेस्टिॲटोमा असल्यास प्रथम तो समूळ काढून कान निर्धोक करणे हे मुख्य, श्रवण नंतरचे. त्यासाठी कधी काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुढेही वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

येथे आमच्या आजच्या भाषणाचा मथितार्थ आहे. केवळ पडद्याला भोक असेल तर काम सोपे. ऐरणीचे टोक गेले, पण रिकिबीची कमान शाबूत असेल, तरीही चांगले श्रवण परत मिळण्याची पुष्कळ आशा असते. ती कमानही गेली म्हणजे यश घटते. अंतःकर्णच बिघडले तर कोणतीही शस्त्रक्रिया ते पूर्ववत् करू शकत नाही. दिरंगाईची किंमत येथे एकेका अस्थीने मोजावी लागते.

मग दिरंगाई का होते? पैशाची अडचण हे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण आपल्या मनात आहे, आणि ज्ञातीच्या या सभेत ते स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. मुलीचा कान वाहत असेल तर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “बाहेर बोलू नका, स्थळे परत जातील.” रुग्णालयात नेले तर कोणी पाहील, शस्त्रक्रिया केली तर व्रण दिसेल, या भयाने दहा-दहा वर्षे कापसाचे बोळे घालून दिवस काढले जातात. लग्न ठरते, आणि सासरी हाकेला ओ न देणारी सून ‘उर्मट’ ठरते. जो दोष बालपणी सहज दूर झाला असता, तो झाकून ठेवल्याने आयुष्याचा सोबती होतो. वाहता कान हा कुलदोष नव्हे, आणि तो पतीला किंवा मुलांना स्पर्शाने लागणाराही नव्हे. बरा केलेला कान हा लपविण्याचा विषय असू नये. न दाखविलेला कान हाच लाजेचा विषय असावा.

मुलग्यांची कथा वेगळी नाही. आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली, हे योग्यच झाले. परंतु ज्यांची नावे त्या यादीत नाहीत, त्यांत मागच्या बाकावर बसून शिक्षकांचे अर्धेच शब्द ऐकणारी काही मुले असतील. त्यांना आपण ‘मठ्ठ’, ‘दुर्लक्षी’ अशी विशेषणे लावतो आणि त्यांच्या कानाकडे आपणच कानाडोळा करतो.

यासाठी कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, प्रतिवर्षी संमेलनाच्या दिवशी पंधरा वर्षांखालील सर्व मुलांचे कान तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. दुसरी, साहाय्यनिधीतून कानाच्या शस्त्रक्रियेसाठी काही रक्कम राखून ठेवावी आणि ती घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे. तिसरी, सरकारी योजनांची माहिती सभासदांस द्यावी. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने २००७ साली सुरू केला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या कानाच्या तपासणीचा समावेश आहे. आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. या सोयी असूनही त्यांची वार्ता आपल्या घरी पोहोचू नये, ही खेदाची गोष्ट होय.

माताभगिनींस आमची विशेष विनंती आहे. मुलाच्या उशीवर सकाळी डाग दिसला, कानाला वास आला, किंवा दोन हाकांना ओ आली नाही, तर त्याला रागे भरण्यापूर्वी कानाच्या वैद्याकडे न्यावे. कान सुकला म्हणजे बरा झाला असे समजू नये. पडदा भरून आला की नाही हे तपासूनच घ्यावे.

 पुढील संमेलनात कान तपासलेल्या मुलांची संख्या अहवालात वाचावयास मिळो, अशी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.