सत्त्याऐंशीपट लहान इंजिन

सावंतवाडीच्या स्टेशनात वाफेच्या गाड्या धावल्याच नाहीत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा डिझेलचा जमाना होता. पुण्यात कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मात्र वाफेची इंजिनं दिसतात, १:८७ प्रमाणात.

असं इंजिन घरीही जुळवता येतं. पितळी पत्र्याचे सुटे भाग डाख लावून जोडायचे. कस लागतो तो चाकांपाशी. डाव्या-उजव्या बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत हवेत. एखादं चाक किंचित फिरलं, की जोडदांडे अडकलेच!

आणखी एक गोची. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे नमुन्यात साधारण १९.३ हवी. बाजारातला तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोपीय गेजसाठी बनलेला. बरेच हौशी तेवढं चालवून घेतात. हट्टी असतात ते रूळही स्वतःच टाकतात.