पुढाऱ्यांच्या पोशाखावर राष्ट्रचिन्ह असावें काय?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता दौंड तालुक्यांत कुरकुंभवरून जातो. एका अंगास दौंड, दुसऱ्या अंगास बारामतीची वाट. फिरंगाई देवीचें हें गांव आतां औद्योगिक वसाहतीमुळेंही ओळखलें जातें. निवडणुकीच्या दिवसांत अशा नाक्यावर प्रचाराच्या गाड्या थांबावयाच्याच. गाडींतून उतरणाऱ्या पुढाऱ्याच्या छातीवर तिरंगी बिल्ला असतो, आणि त्याला पाहावयास जमलेल्या शेतकऱ्यांत कित्येक म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी असते. बिल्ला देशभक्तीची खूण म्हणून मुद्दाम लावलेला. टोपी उन्हासाठीं आणि सवयीनें घातलेली. मौज अशी कीं, या दोहोंपैकीं जिच्यापायीं माणसांनीं एके काळीं मार खाल्ला ती वस्तु टोपी होय.

याच रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे सोलापूर लागतें. १९३० च्या मे महिन्यांत तेथें लष्करी कायदा पुकारण्यांत आला व तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या दिवसांत तिरंगा हातीं धरणें हा गुन्हा होता, आणि गांधी टोपी घालून बाहेर पडणाऱ्यास शिपायाच्या दांडक्याची तयारी ठेवावी लागे. त्यापूर्वीं १९२३ सालीं नागपुरास, झेंडा घेऊन बंदी असलेल्या रस्त्यानें जाण्याबद्दल, दीड हजारांहून अधिक स्वयंसेवक तुरुंगांत गेले होते. त्या काळीं अंगावरील खूण पाहून माणसाविषयीं कांहीं तरी निश्चित कळत असे. हा मनुष्य आपल्या बोलण्याची किंमत द्यावयास तयार आहे, एवढें तरी खास.

त्याहून जुनें उदाहरण पुण्याचेंच आहे. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास हातानें कातलेल्या सुताची खादी घालून गेले. राजेरजवाड्यांच्या त्या झगमगाटांत असल्या जाड्याभरड्या पोशाखानें मान वाढण्याचा कांहींएक संभव नव्हता.

पुढें खादी ही चळवळीची खूण झाली, आणि लगेच अडचणही उभी राहिली. खूण मानाची ठरली कीं, ती नुसती अंगावर घालणारेही पुढें सरसावतात. १९२४ च्या डिसेंबरांत बेळगांवास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असें हें एकमेव अधिवेशन. तेथें मंजूर झालेल्या नियमान्वयें सभासदानें राजकीय सभासमारंभांत खादी वापरावयाची, आणि त्याखेरीज दरमहा दोन हजार वार सूत द्यावयाचें होतें. कापड नुसतें दिसतें. सूत मोजतां येतें. नियम करणाऱ्यांस माणसाची पारख होती म्हणावयाची! परंतु त्याच नियमांत एक पळवाटही होती. आजारपणामुळें किंवा नाखुषीमुळें ज्याच्या हातून कातणें होणार नाहीं, त्यानें दुसऱ्यानें कातलेलें सूत आणून दिलें तरी चालणार होतें. देशसेवेच्या नियमांत 'नाखुषी' हा शब्द घालावा लागला, यांतच काय तें आलें. वर्ष पुरें होण्याच्या आंत, १९२५ च्या सप्टेंबरांत, पाटणा येथें सुताऐवजीं चार आणे भरण्याची मोकळीक देण्यांत आली. खादीची अट मात्र कायम राहिली. मोजतां येणारें गेलें, दिसणारें उरलें.

आजचा बिल्ला खादीहूनही सोपा. कायद्याची त्यास आडकाठी नाहीं. २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर कमरेच्या वरील वस्त्रावर राष्ट्रध्वज सन्मानपूर्वक धारण करतां येतो. रुमाल, उशा, अंतर्वस्त्रें यांवर तो चालत नाहीं. लोकसभेच्या नियमांत सभागृहांत बिल्ले लावण्यास मनाई आहे, आणि अपवाद आहे तो राष्ट्रध्वजाच्या बिल्ल्याचा. तेथें तो शोभतोही. सभागृहांत बसलेला प्रत्येक सभासद, सरकार पक्षाचा असो वा विरोधी पक्षाचा, राष्ट्राचा प्रतिनिधि म्हणूनच बसलेला असतो.

मतें मागण्याच्या व्यासपीठावर गोष्ट निराळी होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२३ वें कलम निवडणुकींतील भ्रष्ट आचारांविषयीं आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नांवावर मत मागणें त्यांत निषिद्ध मानलें आहे. आणि तेथेंच, उमेदवाराच्या यशासाठीं राष्ट्रध्वजासारख्या राष्ट्रीय चिन्हांचा उपयोग करणें हेंही निषिद्ध मानलें आहे. कोटावरील बोटभर बिल्ला या कलमांत बसतो कीं नाहीं, तें न्यायालयानें ठरवावें. कायद्यामागील विचार मात्र उघड दिसतो. जो ध्वज उमेदवाराचा, तोच त्याच्या प्रतिस्पर्ध्याचाही आहे. एकानें तो छातीवर लावून मत मागितलें कीं, दुसऱ्याच्या रिकाम्या छातीकडे न बोलतां बोट दाखविलें जातें.

अमेरिकेंत हें घडून गेलेलें आहे. २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यांनंतर तेथील पुढाऱ्यांच्या कोटांवर ध्वजाचा बिल्ला सर्रास दिसूं लागला. बराक ओबामा यांनीं तो लावण्याचें सोडून दिलें होतें. २००७ सालीं त्याचें कारण विचारण्यांत आलें तेव्हां, देशप्रेम बिल्ल्यापेक्षां आपल्या बोलण्याचालण्यांतून दिसावें, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. त्यावर मोठें काहूर उठलें, आणि पुढच्याच वर्षीं, निवडणुकीच्या धामधुमींत, बिल्ला पुन्हां त्यांच्या कोटावर आला. सक्तीचा कायदा कोणीं केला नव्हता. त्याची गरजच पडली नाहीं.

बिल्ल्याच्या बाजूनें एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. खूण माणसाला आवरते, असें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. वारकऱ्याच्या गळ्यांतील तुळशीची माळ पाहा. माळकरी मद्यमांसास शिवत नाहीं, आणि शिवला तर 'अरे, माळ घातली आहेस ना?' असें विचारण्याचा गांवाला हक्क असतो. माळेमागें नेम आहे. बिल्ल्यामागें कोणता नेम आहे? तो लावणाऱ्यानें कशाचा त्याग केला, काय वर्ज्य केलें, हें पाहणाऱ्याला ठाऊक नसतें. बहुधा लावणाऱ्यालाही नसतें.

दुसरी बाजूही आहे. १९४७ च्या जूनमध्यें राष्ट्रध्वज ठरविण्यासाठीं जी समिती नेमण्यांत आली, तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचा नेहमींचा वेष म्हणजे पाश्चात्त्य धर्तीचा कोट आणि पाटलोण. ज्या समाजाला अंगभर चांगलें वस्त्र घालण्याचीही मोकळीक पुष्कळ ठिकाणीं मिळत नव्हती, त्या समाजांतून आलेल्या पुरुषाच्या त्या पोशाखाला स्वतःचा अर्थ होता. कपड्यावरून देशभक्ति जोखणाऱ्यानें ध्वज ठरविणाऱ्या या सभासदास कोणत्या पंक्तींत बसविलें असतें?

तेव्हां प्रजासत्ताकदिनीं, स्वातंत्र्यदिनीं, सभागृहांत, किंवा देशाच्या वतीनें परदेशीं गेलें असतां पुढाऱ्यानें बिल्ला अवश्य लावावा. मतें मागावयास निघतांना तो घरीं ठेवावा. कुरकुंभच्या नाक्यावर लोक त्याला पाण्याचें विचारतील, रस्त्याचें विचारतील, वसाहतींत पोरांना काम मिळेल कीं नाहीं तें विचारतील. विचारणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी त्याच्या आजोबांच्या वेळेपासून घरांत आहे, आणि ती त्यानें त्या दिवसासाठीं म्हणून घातलेली नाहीं.