छपरावरचा धंदा आणि त्याची वाढ

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगावात भरलेल्या उद्योजक मेळाव्यातील भाषण)



आम्ही छपरे साफ करणारी माणसे. कौले चाळणे, पन्हळी मोकळ्या करणे, गच्चीवरचे शेवाळ काढणे, घराच्या बाहेरच्या भिंती, कुंपणे आणि अंगणे धुणे हा आमचा व्यवसाय. अशा व्यासपीठावर वकील, डॉक्टर आणि कारखानदार नेहमी बोलतात. शिडीवाल्यांची पाळी क्वचित येते. ती आपण आणलीत, याबद्दल आम्ही विश्वस्तांचे मनापासून आभारी आहोत. लहान धंदा कसा वाढवावा, यावर बोला, अशी आम्हांस आज्ञा आहे. आमच्या धंद्यापुरते जे आम्हांस कळले आहे, तेवढेच सांगतो.

प्रथम या धंद्याची जमीन कोणती ते पाहू. मंगळुरी कौलाचे मूळ आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते लाल कौल कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर सर्वत्र पसरले. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या आळ्यांतून आजही ते दिसते. एक कौल वजनाला दोन ते तीन किलो भरते आणि शंभर चौरस फुटांस सुमारे १४० कौले लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर चौदाशे कौले झाली. त्यांतले एक तडकले तरी पाणी रिपेवरून वाशात मुरते, वासा कुजतो, आणि दहा-पंधरा रुपयांच्या हयगयीपायी घरमालकास हजारोंचे लाकूड बदलावे लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी कौले उतरवावी, झाडावी, फुटकी बदलावी आणि पुन्हा नीट एकात एक बसवावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नव्या घरांना स्लॅब आले, तरी काम संपले नाही. गच्चीवरची पाण्याची नळी पाल्याने तुंबली की स्लॅबही गळतो.

अशा धंद्यात कामाची वाण नाही. वाण आहे ती दिवसांची. हा एक मुद्दा नीट समजला, तर वाढीचे निम्मे गणित सुटते.

हिशेब करून पाहा. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून ५ जूनपर्यंत ६६ दिवस होतात. वळवाचे पाऊस, सणवार आणि लग्नसराई यांत सहा दिवस गेले असे धरा. उरले ६०. चार माणसांच्या एका टोळीस मध्यम घराला दोन दिवस लागतात. म्हणजे हंगामात तीस घरे होतात, एकतिसावे होत नाही. परंतु मे महिना उजाडला की सर्वांना घाई सुटते. रोज चार माणसे दारात येतात आणि नवा धंदेवाईक कोणालाच नाही म्हणत नाही. तो पंचेचाळीस घरांची विसारपावती घेतो. पुढे काय होते ते सांगावयास नको. जूनचा पहिला पाऊस येतो तेव्हा पंधरा घरे बाकी असतात, एखाद्याचे पाखे उघडे पडलेले असते, आणि खाली म्हातारी माणसे घमेली मांडून बसलेली असतात. त्या घराकडून पुन्हा कधी बोलावणे येत नाही. शेजारच्या चार घरांतूनही येत नाही. आधीच नाही म्हटले असते, तर निदान पुढल्या वर्षीचे पहिले नाव तरी त्याच्या वहीत लागले असते.

मग घरे वाढवावी कशी? दुसरी टोळी उभी करून, हे उघड आहे. परंतु दुसरी टोळी म्हणजे आणखी चार माणसे आणि एक शिडी नव्हे. तिला स्वतःचा मेस्त्री लागतो. छपरावर पाय कोठे द्यावा, हे त्याला अंगवळणी असावे लागते. पाय कौलाच्या मध्यावर न देता खालच्या रिपेच्या आधारावर द्यावयाचा, आणि आढ्याला अडकवलेल्या शिडीवरूनच वर सरकावयाचे. कोणता वासा कुजला आहे हे वाजवून ओळखता यावे लागते. घरमालकाशी गोड आणि मजुराशी स्पष्ट बोलता यावे लागते. असा माणूस दोन-तीन हंगाम बरोबर काम केल्यावाचून तयार होत नाही. म्हणून आमचे मत असे आहे की या धंद्याच्या वाढीचा वेग भांडवलावर ठरत नाही, मेस्त्री किती तयार होतात यावर ठरतो.

आणि मेस्त्री टिकावा कसा? साठ दिवस काम आणि तीनशे दिवस हातावर हात, अशा धंद्यात शहाणा मुलगा कशाला राहील? तो पुण्याला, बंगळूरला किंवा आखातात जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. यास्तव वर्ष भरून काढणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे.

ते भरते. पावसाळ्यात ओल्या छपरावर कोणी चढू नये. त्या दिवसांत पाण्याच्या टाक्या धुण्याचे, शिड्या-दोर दुरुस्त करण्याचे आणि नव्या मुलांना शिकवण्याचे काम असते. गणेशचतुर्थीच्या आधी अंगणे, पायऱ्या आणि कुंपणे यांवरचे शेवाळ काढावयास बोलावणी येतात. खाली, पायांवर उभे राहून करण्याचे हे काम निर्धोक आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरांच्या दर्शनी भिंती धुण्याची गर्दी असते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथल्या भिंती पावसाळ्यानंतर काळ्या पडतात. चोर्ला घाट उतरून गेल्यास नोव्हेंबर-डिसेंबरात तेथे काम मिळते. मे महिन्यात मात्र गोव्यात धावून जाण्यात अर्थ नाही. पाऊस तेथेही त्याच सुमारास येतो. जानेवारी ते मार्च उद्यमबागेतील कारखान्यांची पत्र्याची छपरे, शाळा, देवळे आणि छपरावरचे सौरफलक असतात. फलक सकाळी थंड असतानाच धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते.

आता दराविषयी. स्वस्त दर सांगून धंदा वाढतो, ही समजूत फार घात करते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. चार माणसांची दररोज आठशेप्रमाणे मजुरी धरली तर दोन दिवसांचे ६,४०० रुपये होतात. टेम्पो, चहा आणि बदली कौले यांचे हजार. आधीची पाहणी आणि नंतरची फेरी यांचे सहाशे. अवजारे आणि विमा यांचे चारशे. पावसाळ्यात माणसे सांभाळण्यासाठी बाजूला काढावयाचे आठशे. एकूण ९,२०० झाले, आणि अजून मालकाला काही मिळालेले नाही. शेजारचा ७,५०० सांगतो, म्हणून आपणही तेच सांगावे असे वाटते. पण त्यातून तो कोणते खर्च वगळतो, ते पाहावे. बहुधा दोर आणि विमा हेच वगळलेले असतात. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. दहांपैकी काही निघून जातील. जे राहतील ते वर्षानुवर्षे राहतील.

मघाशी नंतरच्या फेरीचा उल्लेख केला. पहिला मोठा पाऊस झाला की ज्या ज्या घरी काम केले, तेथे जाऊन आतून छप्पर पाहून यावे. कोठे ओल दिसते काय, हे विचारावे आणि वहीत टिपावे. या फेरीचे वेगळे पैसे मागू नयेत. कोणत्याही जाहिरातीपेक्षा हिचा उपयोग अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे. आज आपल्या अनेक वाड्यांतून एकटी आई किंवा आजोबा राहतात आणि मुले दूरदेशी असतात. अशा वेळी कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली तर त्याचा जीव भांड्यात पडतो. वही मात्र ठेवावीच. कोणत्या घराचे कौल कोणत्या घडणीचे, कोणता वासा पुढल्या वर्षी बदलावा लागेल, मांजर कोणत्या पाख्यावरून चालते, हे सर्व तीत असावे. धंदा विकावयाची वेळ आली, तर शिड्यांपेक्षा त्या वहीची किंमत जास्त येईल.

कामाच्या रीतीविषयी दोन गोष्टी. हल्ली जोराच्या फवाऱ्याची यंत्रे सर्वत्र मिळतात. सिमेंटच्या अंगणाला ती उत्तम. जुन्या कौलाला मात्र ती लावू नयेत. भाजलेल्या कौलाचा वरचा थर निघून जातो, मग ते अधिक पाणी पिते आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरते. त्याला मऊ ब्रश, साधे पाणी आणि धीर पुरे होतो. दुसरी गोष्ट औषधांची. शेवाळावर ब्लीचिंगचे पातळ पाणी चालते. आधी खालची झाडे साध्या पाण्याने भिजवून घ्यावी. परंतु ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. चुन्याच्या गिलाव्याला तर ॲसिड लावूच नये. ते डागाबरोबर भिंतही खाते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः येथे उभे आहोत, ती बोलतो.

मंडळी, आपल्या भागात दरवर्षी छपरावरून माणसे पडतात. बहुतेक विशी-पंचविशीतील मुले असतात. सिमेंटचा जुना पत्रा आधी करकरत नाही. पाय पडला की एकदम फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. अशा पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्यावाचून पाय ठेवू नये. त्यातला अॅस्बेस्टॉसचा पत्रा कोरडा घासू नये, जोराच्या फवाऱ्याने धुऊही नये. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात, आणि अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोग उत्पन्न करतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिडी चार फूट उंचीस एक फूट या प्रमाणात भिंतीपासून दूर लावावी आणि तिचे टोक छपराच्या कडेच्या वर तीन फूट राहावे. अंगाला पट्टा आणि पट्ट्याला पक्का दोर असावा. या गोष्टी कठीण नाहीत. पण नवा मुलगा उसने पैसे काढून धंदा सुरू करतो तेव्हा तो आधी यंत्र घेतो आणि पट्टा पुढल्या वर्षावर टाकतो. सर्वांना ते पुढले वर्ष दिसत नाही.

खंडेनवमीस आम्ही शिडीची आणि दोराची पूजा करतो. त्याच दिवशी प्रत्येक दोर हातांतून सरकवून पाहतो, आणि ज्याचा पीळ सुटला असेल तो कापून टाकतो. कापलेला दोर पुन्हा कोणी वापरू शकत नाही. पूजेचा हा भाग प्रत्येक टोळीने पाळावा, अशी आमची विनंती आहे.

पैशाची सोय आज पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळते. त्याच वर्षी निघालेल्या सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाकाठी २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती मृत्यूचा विमा मिळतो. त्यासाठी बँकेत खाते हवे आणि एक अर्ज भरावा लागतो. वीस रुपयांत आज दोन चहा येत नाहीत. तरीही आमच्या धंद्यातील कितीतरी मुलांचा हा अर्ज भरलेला नसतो, कारण त्यांना कोणी बँकेपर्यंत नेलेले नसते.

म्हणून महोत्सवी वर्षात न्यासापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. न्यासाने आपल्या कार्यालयात एक अवजारघर उघडावे. त्यात पट्टे, दोर, फळ्या आणि आढ्याला अडकवावयाच्या शिड्या असाव्या. धंदा नवा सुरू करणाऱ्या कोणाही मुलाला त्या पहिले दोन हंगाम नाममात्र भाड्याने द्याव्या. जात, आळी, भाषा विचारू नये. अट एकच असावी, की विम्याचा अर्ज भरल्यावाचून दोर मिळणार नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीस, सर्व सामानाची तपासणी व्हावी. ती करावयास आमच्या टोळ्या येतील, आणि शिकवावयाचे काम आम्ही विनामूल्य करू. यास फार पैसा लागणार नाही.

आणखी एक विनंती येथील वडीलधाऱ्यांस आहे. पदवी घेतलेला मुलगा शिडी चढू लागला तर घरात रडारड होते, लग्न जुळत नाही, हे आम्ही पाहतो. ज्या घरात आपण कोरडे झोपतो, ते कोरडे ठेवणाऱ्याचे काम हलके कसे? त्या मुलाला वही लिहिता येते, हिशेब मांडता येतो, परदेशातील मालकाशी बोलता येते. धंदा वाढावयास असाच मुलगा हवा आहे. त्याला मान द्या, आणि शिडी चढण्यापूर्वी पट्टा बांधला की नाही, हेही त्याला विचारा.