तिसऱ्या मजल्यावरचं जहाज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, तुमच्या जहाजाबद्दल दहा मिनिटं बोला." आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे दहाच. शेवटी माझं एक काम आहे तुमच्याकडे, तेही आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्या घरी येणाऱ्यांनी ते जहाज पाहिलेलं आहे. मुलं विचारतात, "आजोबा, हे पाण्यात चालतं का?" नाही चालत, बाळांनो. 'कटी सार्क' नावाच्या खऱ्या जहाजाची ही लाकडी प्रतिकृती आहे. मूळ जहाज लंडनमध्ये ग्रीनिचला आजही उभं आहे.

हे जहाज २२ नोव्हेंबर १८६९ रोजी स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन इथं पाण्यात उतरलं. चीनचा चहा लंडनला सगळ्यांच्या आधी पोचवायचा, यासाठी ते बांधलं होतं. बांधणाऱ्या कंपनीनं टनाला १७ पौंड दर कबूल केला आणि काम पुरं व्हायच्या आत कंपनीचे पैसे संपले. उरलेलं काम दुसऱ्या कंपनीनं केलं. ते प्रोजेक्ट लोन माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी दहा शंका काढल्या असत्या! त्यात आणखी एक गंमत बघा. जहाज पाण्यात उतरायच्या पाचच दिवस आधी सुएझचा कालवा उघडला. आगबोटींना जवळचा रस्ता मिळाला. शिडाच्या जहाजाला त्या कालव्याचा उपयोग नाही, त्याला आफ्रिकेला वळसा घालूनच जायला हवं. म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं हे जहाज जन्मतःच मागे पडलेलं. तरी त्यानं चहाच्या आठ खेपा केल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर वाहिली. १८८५ साली सिडनीहून इंग्लंडला ७३ दिवसांत पोचून त्यानं नाव काढलं.

त्याच्या बांध्यात सांगाडा लोखंडाचा आणि वरच्या भागाच्या फळ्या सागवानी. सागवानी जहाज किती टिकतं, याचा पुरावा तर आपल्या मुंबईचाच आहे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतं आहे.

आता माझ्या किटकडे येतो. खोकं उघडल्यावर जहाज दिसतच नाही. दिसतात त्या लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, प्लायवुडचे कापलेले तुकडे, दोऱ्याच्या गुंड्या, पितळी सटरफटर आणि नकाशे. आधी तळाचा कणा, त्यात माशाच्या काट्यासारख्या आडव्या चौकटी बसवायच्या. मग चौकटींच्या कडा सँडपेपरनं घासायच्या. घासताना एक पट्टी वरून फिरवून बघायची, ती प्रत्येक चौकटीला सपाट टेकली पाहिजे. आठवडाभर घासलं तरी काही झाल्यासारखं वाटत नाही, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

मग पट्ट्या. पाण्यात अर्धा तास भिजवल्या की त्या वळतात. पण नुसतं वळवून भागत नाही. जहाजाचं पोट मध्ये मोठं आणि टोकांना अरुंद. म्हणून पट्टीसुद्धा कलिंगडाच्या फोडीसारखी टोकांकडे निमुळती करावी लागते. आणि नियम असा, की एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे लावायची. एकाच बाजूला लावत गेलं, तर ओढ बसून कणाच वाकडा होतो. आमच्या भाषेत डेबिट आणि क्रेडिट! रोज संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्या की मगच मी दिवा बंद करायचो. या सगळ्यात आमच्या घरचं जेवणाचं टेबल तीन वर्षं गोदी झालेलं आहे. सौभाग्यवतींनी ते सहन केलं, त्याबद्दल इथं जाहीर आभार.

या जहाजाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १८७२ सालची आहे. 'थर्मोपिली' नावाच्या जहाजाशी तिची शर्यत लागली होती. हिंदी महासागरात वादळात 'कटी सार्क'चं सुकाणूच तुटून गेलं. हेन्डरसन नावाच्या जहाजावरच्या सुतारानं हाताशी होतं त्या सामानातून, भर समुद्रात, नवं सुकाणू केलं. शर्यत ते हरले, साधारण आठवडाभर उशिरा पोचले. पण पोचले. सुतार कसबी होताच, पण हलत्या डेकवर ते अवजड लाकूड धरायला आणि समुद्रात उतरवून बसवायला बाकीच्या खलाशांचे हात लागलेच.

आता माझं काम सांगतो.

जहाजाचं अंग पूर्ण झालं आहे. तिन्ही डोलकाठ्या उभ्या आहेत. राहिले आहेत दोर. खऱ्या 'कटी सार्क'वर ११ मैल दोर होता. माझ्याकडे तेवढा नाही, पण गाठी पुष्कळ आहेत. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना खलाशांना वर चढायला दोराच्या शिड्या असतात. एका शिडीला पाच उभे दोर आणि वीस पायऱ्या धरल्या, तर शंभर गाठी. अशा खालच्या सहा शिड्या, म्हणजे सहाशे. वरच्या टप्प्यातल्या शिड्या वेगळ्याच.

आणि गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण वयाप्रमाणे वाढेल. सही करता येते, चहाचा कप धरता येतो. चिमट्यात दोरा धरून गाठ मारता येत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, आहे तसंच काचेत ठेवू, छान दिसतं." दिसतं खरं. पण दोराशिवाय शिडाचं जहाज म्हणजे नुसते खांब. मला ते पूर्ण झालेलं बघायचं आहे.

म्हणून विनंती अशी. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमचं दार उघडं असेल. दहा वर्षांवरच्या मुलामुलींनी यावं, मोठ्यांनीही यावं. गाठ सोपी आहे, मी शिकवीन. शिडीच्या मागे रेघा आखलेला कागद धरायचा, म्हणजे पायऱ्या सारख्या अंतरावर येतात. गाठ फार ओढायची नाही. ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीला कंबर पडते. शेवटी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक थेंब. कटरला मात्र लहानांनी हात लावायचा नाही, तेवढा नियम कडक आहे.

पूर्ण झाल्यावर ते आमच्या घरात राहणार नाही. कमिटीनं परवानगी दिली, तर सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवू आणि खाली पाटीवर गाठी मारणाऱ्या सगळ्यांची नावं लिहू. माझं नाव पट्ट्या लावणाऱ्यांच्या यादीत घाला. त्या यादीत सध्या मी एकटाच आहे!

दहा मिनिटं झाली. येत्या रविवारी वाट बघतो. चहा आमच्याकडे.